कापूस सोडून बोला

नागपूरकराला थंडीचं कौतुक फार, अनुभव कमी. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तो आम्हीच खाली ओढल्यासारखं आम्ही अजून पाहुण्यांना सांगतो. एरवी आमचा लौकिक मे 2013 मधल्या 47.9 अंशांचा. अशा गावात, अशाच एका मे महिन्यात, भर दुपारी मी भाचीसोबत गांधीबागेच्या कापडबाजारात थर्मल शोधत फिरत होतो.

भाची डब्लिनला नोकरी करते आणि सुट्टीत पाण्याखाली जाते. हे तिच्यात कुठून आलं, देव जाणे. आमच्या घराण्याची जलक्रीडा अंबाझरी तलावाच्या काठावर उभं राहून भेळ खाण्यापलीकडे कधी गेली नाही. यंदा तिला आइसलंडमधल्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत उतरायचं होतं. एका अंगाला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, दुसऱ्या अंगाला युरोप-आशियाचा, आणि मधे लाव्हाच्या खडकातून गाळून आलेलं हिमनदीचं पाणी. बारा महिने 2 ते 4 अंश! तिथे ड्रायसूट घालतात. गळ्याशी आणि मनगटांशी त्याच्या पट्ट्या अशा घट्ट बसतात की पाणी आत शिरत नाही. पण पातळ कापडाचा सूट स्वतः ऊब देत नाही; ऊब देते ती आतल्या कपड्यांनी धरून ठेवलेली हवा. म्हणजे एवढ्या महागड्या सरंजामाची सगळी मदार शेवटी बनियनवर.

"सुती सोडून काहीही दाखवा," भाची म्हणाली.

गादीवरचे शेठजी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. या शहरात जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली ती कापसाच्या भरवशावर. भोवतालचा अख्खा मुलूख कापूस पेरतो आणि कापसापायी कर्ज काढतो. बाजाराला नाव गांधीजींचं. आणि तिथे उभी राहून आमची पोट्टी म्हणते, सुती नको!

तिने समजावलं. काठावर सूट चढवतानाच घाम फुटतो. सुती कापड तो पिऊन बसतं, मग अंगाला ओला कपडा आणि बाहेर बर्फासारखं पाणी. पाणी अंगातली ऊब हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने ओढून घेतं. पॉलिस्टर घाम बाहेरच्या थराकडे ढकलतं, आणि मेरिनो मेंढीची लोकर ओलसर झाली तरी गरम राहते.

"लोकर म्हणजे घोंगडी काय?"

घोंगडी नव्हे. मेरिनोचा धागा इतका बारीक की टोचत नाही. आपली दख्खनी मेंढी निराळ्या स्वभावाची. तिची घोंगडी पाऊस अडवते, थंडी अडवते आणि नवख्याची झोपही अडवते.

पोऱ्याने गोदामातून हिवाळ्याचा माल काढला. शेठजींनी एक बाही पार तळहातापर्यंत ओढून दाखवली, "फुल आहे, फुल." पण भाचीला नेमकं तेच नको होतं. बाही मनगटाच्या पट्टीखाली गेली, की तिच्यातूनच पाणी आत झिरपतं.

"मग जाड घे. एकावर एक दोन घाल."

जाड कपड्यांत हवा जास्त मावते, हवा वाढली की माणूस तरंगतो, मग खाली जायला कमरेला जास्तीचं शिसं बांधावं लागतं, असं ती म्हणाली.

शेठजी बराच वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात मला म्हणाले, "भाऊ, पाण्यात जायचं अन् ओलं नाही व्हायचं. मंग जायचंच काहून?"

प्रश्न माझ्याही मनातला होता, पण मामाला पक्ष बदलता येत नाही. मी चहा मागवला.

मेरिनो काही मिळाली नाही. पॉलिस्टरची एक पातळ जोडी भाचीला पसंत पडली, तेव्हा कळलं की इथे डझनाच्या खाली विकत नाहीत. घासाघीस सुरू झाली आणि शेठजींनी सहज विचारलं, "तिकडे इतकी थंडी किती महिने असते?"

"त्या पाण्यात? बाराही महिने."

शेठजी सरळ होऊन बसले. "अन् देशात लोक किती?"

"चार लाखांच्या आत."

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. "एकेक जोडी धरली तरी 33 हजार डझन."

"काका, सगळे काही पाण्याखाली जात नाहीत."

"न जाऊ दे ना पोरी," शेठजी वही उघडत म्हणाले, "थंडी त साऱ्यांनाच वाजते."