फोकस

चोरांच्या भीतीने समोरच्या काकांनी गच्चीवर १०० वॉटचा फोकस बसवला. चोर अजून आलेला नाही. आलाच तर आमच्या बेडरूममधलं कपाट त्याला लख्ख दिसेल, कारण फोकसचं तोंड आमच्याकडे आहे. काकांचं स्वतःचं फाटक मात्र काळोखात असतं. उरलेला उजेड आभाळात जातो. त्याचंही बिल काकाच भरतात.

आवाजाचं बरं असतं. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, असा २००० सालापासून देशभर नियम आहे (पाळणं ही वेगळी बाब). उजेडाला डेसिबल नाहीत. ‘साहेब, समोरून फार मोठ्याने उजेड येतोय’ अशी तक्रार चौकीत कोण लिहून घेणार?

अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावाने १९५८ मध्येच जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी घातली. तिथल्या वेधशाळेत प्लूटो सापडला होता ना! पुढे प्लूटोचं ग्रहपद गेलं, नियम मात्र शाबूत आहेत. आपल्याकडे नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या रस्त्यांवरचे दिवे खाली जमिनीकडे वळवले. म्हणजे रात्रभर जागणाऱ्या वाघाला अंधार मिळाला, आणि रात्री झोपू पाहणारा मी डोळ्यांवर पंचा बांधून पडलोय.

शेवटी आमच्या बंगला सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला : बाहेरच्या प्रत्येक दिव्याला वरून टोपी, तोंड जमिनीकडे, पांढऱ्याऐवजी ३००० केल्विनच्या आतला पिवळसर बल्ब आणि दहानंतर सेन्सर. ‘पिवळा? पाहुण्यांना वाटेल, व्होल्टेज कमी आहे,’ एक काकू म्हणाल्या. ‘सेन्सर मांजरालाही लागतो,’ दुसरे म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी आकाशकंदिलाला टोपी घालायची का, असं विचारलं आणि सभा तिथेच अडकली. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा की नाताळपर्यंत, यावर मतदान झालं. माझ्या ठरावाला चहा आल्यावर घाईघाईत अनुमोदन मिळालं. सेक्रेटरींनी तर टाळ्याही वाजवल्या.

काका तसे सज्जन. ‘अरे, आधीच सांगायचंस!’ म्हणत त्यांनी दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून फोकस खाली वळवला. त्या रात्री त्यांचं फाटक प्रथमच उजळलं आणि रोज पहाटे तिथे सापडणाऱ्या कचऱ्याच्या पिशव्यांचा उलगडा झाला. पिशवी हातात घेऊन आमचे सेक्रेटरीच उभे होते, पायजम्यात, अगदी स्पष्ट.

पुढच्या सभेची नोटीस लगेच लागली. विषय क्रमांक १ : सुरक्षेच्या दृष्टीने फोकस पूर्ववत करणे.