आबा तिथं होतेच

पाटण तालुक्यातल्या बहुतेक गावांत पारावर असा एक आबा असतोच. गावावर, नाहीतर जगावर, काहीही कोसळो, आबा नेमके तिथंच उभे असतात. बहुतेक वेळा तांब्या घेऊन निघालेले.

11 जुलै 1979 ला स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक पडलं. तुकडे हिंदी महासागरात आणि पार पश्चिम ऑस्ट्रेलियात गेले, असं जग म्हणतं. आबांनी मात्र ते आपल्या डोंगरावरून जाताना पाहिलंय. जुलैत आमच्याकडे पावसानं समोरचं घर दिसत नाही, हे कुणी काढलंच, तर "तुजी नजर अधू" म्हणून विषय संपतो. स्कायलॅबच्या धास्तीनं लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, हे खरं. आबांनी कुणाच्या खाल्ल्या, ते शेजाऱ्यांना विचारावं.

21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला. आबांच्या गणपतीनं फक्त गाईचं घेतलं. म्हशीच्या दुधावरून त्यानं सोंड वळवली.

पण खरा जीव कुंभार्ली घाटात उलटलेल्या गुळाच्या ट्रकावर. पूर्वी ड्रायव्हर नुसता खरचटून उठायचा. पुढं त्याचा पाय मोडला. हल्ली तो मेलेला असतो आणि अवसेच्या रात्री वळणावर उभा राहून विडी मागतो. गुळाच्या ढेपा उलट दरसाल कमी होत चालल्यात, कारण ऐकायला बसलेल्यांत त्या उचलून नेणाऱ्यांचीच पोरं असतात.

भूकंपाचं तसं नाही. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगरच्या त्या भूकंपात सुमारे 180 माणसं गेली; आबा त्यात एक वाढवत नाहीत. कुणाची भिंत कुठल्या अंगाला पडली, गोठ्यात कुणाचा बैल होता, सगळं बिनचूक. इथं ते तांब्या घेऊन निघालेलेही नसतात. "झोपलो व्हतो. आईनं वढून भाईर काढलं," एवढंच.

म्हणून तर वयाची भानगड निघाली, की जन्माची नोंद नसलेली म्हातारी मंडळी आधी आबांकडे येतात. "भूकंपात तू रांगत व्हतास," की ठरलं वय. आधार कार्डावर अशा सगळ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला येतो, त्याला आबांचा इलाज नाही.

तेव्हा घाटातून जाणं झालं, तर आबांना ट्रकाचं जरूर विचारा. विडीचं बंडल तेवढं बरोबर असू द्या. ड्रायव्हर घेतो की नाही माहीत नाही, आबा घेतात.