दीडशे नगांच्या रंगपेटीचे निर्माते यांस अनावृत पत्र

‘सर्वगुणसंपन्न बालरंगपेटी, नग दीडशे’ हिचे निर्माते यांस,



कल्लणै धरणापाशी कावेरी अनेक फाट्यांत विभागते आणि तेथून समुद्रापर्यंत भाताच्या शेतांचा जो पंखा पसरतो, त्या प्रदेशात व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी बोलणारी काही घरे नांदत आहेत. या घरांतील मुलांवर आपल्या पेटीने केलेल्या उपकारांची जाहीर नोंद व्हावी, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहिले जात आहे. पेटीच्या झाकणावर एक डौलदार वाघ रंगवलेला आहे. आतल्या रंगांनी तसा वाघ काढता येईल, अशी लेखी हमी मात्र आपण कोठेही दिलेली नाही, त्यामुळे आपल्यावर असत्याचा आरोप ठेवता येत नाही, हे सुरुवातीलाच मान्य केलेले बरे.

किरकोळ बाबी आधी हातावेगळ्या कराव्यात. स्केचपेने टोपण काढण्यापूर्वीच वाळलेली असतात, ही आपली मितव्ययी वृत्ती. पेटीतली गुलाबी माती आकार देण्याआधी दगड होते. स्वामिमलैचे स्थपती, म्हणजे मेणाच्या साच्यावरून कांस्यमूर्ती ओतणारे कारागीर, मेणाच्या मूर्तीवर ज्या कावेरीच्या गाळाचा लेप देतात, तो गाळ याच प्रदेशातल्या गावांच्या कालव्यांत पडून असतो, हे आपल्याला कोणी कळवलेले दिसत नाही. ‘बिनविषारी’ हा शब्द पेटीवर ठळक छापलेला असून कोणत्या मानकानुसार बिनविषारी, याचा उल्लेख कोठेच नाही. घरांच्या भिंतींना लावायच्या रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, असा नियम भारतात 2017 पासून लागू आहे. तेव्हा निदान भिंतींना काय चोपडले जाते हे ठाऊक असते.

आता मुख्य उपकार. मेणखडू म्हणजे पॅराफीन मेणात घोटलेले रंगद्रव्य, आणि रंगद्रव्य म्हणजे रंगाची ती बारीक पूड, जिच्यामुळे पिवळा पिवळा दिसतो. रंगद्रव्य महाग, मेण स्वस्त आणि भर घालण्याची पांढरी पूड त्याहूनही स्वस्त असल्यामुळे, आपल्या पिवळ्या खडूत रंगद्रव्य नेमके किती, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरावा. कागदावर उमटतो तो मेणाचा चकचकीत ओरखडा, आणि त्यावर नंतर जलरंगही धरत नाही, कारण मेण पाण्याला थारा देत नाही.

गेल्या नवरात्रात कावेरीकाठच्या अशा एका मराठी घरी कोलू मांडलेला होता (पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याच्या तमिळ प्रघाताला कोलू म्हणतात आणि तो येथील मराठी घरांनीही आपलासा केला आहे), आणि पाहुण्यांनी मोठ्या कौतुकाने आपली पेटी आणली होती. सहा वर्षांच्या मुलीने सर्वांत वरच्या पायरीवरची मान डोलावणारी तंजावरी बाहुली काढायला घेतली. लुगड्यासाठी तिने पिवळा खडू उचलला, फिरवला, पुन्हा दाबून फिरवला, तेव्हा खडू मोडला. मोडका तुकडा अंगठ्याने रेटताना पातळ कागद फाटला. मग तिने कुंचला घेतला, तर त्याचे तीन केस सुटून ओल्या लाल रंगात अडकले आणि ते नखाने काढताना बाहुलीचे तोंड फिसकटले. मुलीने कागद उलटा ठेवला आणि ‘मला येत नाही’ असे सांगून ती उठली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजूत घातली, की अजून हात बसलेला नाही.

हात बसलेला होता. बसला नव्हता तो रंग. हीच मुलगी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या थंडीच्या महिन्यात, पहाटे आजीशेजारी उकिडवी बसून सडा घातलेल्या अंगणात तांदळाच्या पिठाने कोलम काढते, पुळ्ळींची, म्हणजे ठिपक्यांची, ओळ धरते आणि ठिपक्यांना वळसा घालणारी रेघ न तोडता मूळ जागी आणून मिळवते. चिमटीतून पीठ मागितले तेवढेच सुटते, ओली जमीन ते धरते, चुकलेली रेघ तळव्याने पुसली जाते. साधन प्रामाणिक असल्यामुळे चूक कोणाची, हे तेथे लगेच कळते. आपल्या पेटीत ते कळण्याची सोयच नाही. कसलेला चित्रकार वाईट कुंचला फेकून देतो आणि दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतो. सहा वर्षांच्या मुलाजवळ तुलनेला दुसरा खडू नसतो, म्हणून ते स्वतःलाच दोषी ठरवते आणि पुढे आयुष्यभर ‘आपल्याला चित्रकला जमत नाही’ असे खात्रीने सांगत राहते. वजनात मारणारा वाणी फक्त पैसे नेतो. आपण सहा वर्षांच्या जिवाचा आत्मविश्वास नेता आणि वर पेटीवर वाघाचे चित्र छापता! याला व्यापार म्हणण्याची कोणाची इच्छा असेल तर असो. ही लबाडी आहे.

संख्येचा एवढाच सोस असेल, तर या गावांजवळचे तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहावे. 1010 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मंदिराच्या गर्भगृहाभोवतालच्या अंधाऱ्या मार्गात, नायककालीन चित्रांच्या थराखाली दडलेली चोळकालीन भित्तिचित्रे 1931 मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना आढळली. ओल्या चुन्यावर रंगवलेल्या त्या चित्रांमागे चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, पिवळी माती, गेरू, हिरवी माती अशी मोजकीच रंगद्रव्ये आहेत, आणि हजार वर्षांनंतरही नर्तकींचे अंग उजळ दिसते. हे मंदिर उभारणाऱ्या राजराज चोळाच्या चित्रकारांना दीडशे नग मिळाले असते तर काय झाले असते, याचा विचार न केलेलाच बरा.

तरीही सगळा दोष आपल्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, आणि हे पत्र न्यायासाठी लिहिलेले नसले तरी एवढे सांगणे भाग आहे. दुकानात शिरणारा काका वा मामा ‘नग किती?’ एवढेच विचारतो, पेटी उघडून एक खडूही कागदावर ओढून पाहत नाही, आणि बारा नगांची उत्तम पेटी त्याच किमतीला पुढे केली तर दुकानदारालाच लुटारू ठरवतो. अशा गिऱ्हाइकापुढे आपण तरी काय करावे? दिवसभर दीडशे खाचांत दीडशे नग बसवणाऱ्या आपल्या कामगारांच्या मुलांच्या वाट्याला कोणते रंग येतात, हाही प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

म्हणून विनंती अशी, की किंमत तीच ठेवून पेटीत बारा जाडसर मेणखडू, पांढरा, काळा, लाल, पिवळा व निळा असे पाच पोस्टर रंग, पत्र्याच्या कड्यात केस घट्ट आवळलेले दोन कुंचले आणि निदान दीडशे जीएसएमचा कागद द्यावा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, म्हणजे आपला दीडशेचा आकडाही जागच्या जागी राहील. नफ्यात फरक पडणार नाही. पेटी लहान दिसते म्हणून हिरमुसलेल्या पाहुण्यांची समजूत या गावांतल्या आज्या घालतील. आणि एवढेही होण्यासारखे नसेल, तर निदान पिवळ्या खडूत थोडा पिवळा रंग घालावा.

कळावे.