आर्ट आलं का?

हा मुलगा कुणाच्याही घरात शिरला की आधी माणसांकडं बघत नाही, भिंतींकडं बघतो. "ये, बस," म्हणणाऱ्या काकूंच्या खांद्यावरून त्याची नजर मागच्या ओल आलेल्या कोपऱ्यावर जाते आणि तिथंच अडकते. पोपडे सुटलेत, कडेनं हिरवट झाक आलीय, खाली पांढरी भुकटी सांडलीय. तो जवळ जातो, एक पोपडा बोटानं हलकेच दाबून बघतो आणि भारावल्या आवाजात विचारतो, "काकू, हे डिसेंबरपर्यंत असंच राहील ना?"

त्या ओलीपायी काका वरच्या मजल्यावरच्यांशी दोन वर्षं बोलत नाहीत. काकूंना वाटतं पोरगं चेष्टा करतंय. पण तो मोबाइलवर त्या कोपऱ्याचे फोटो काढायला लागलेला असतो, उभे आणि आडवे.

पुण्यात दरवर्षी शॉर्टफिल्म करणारी जी पोरं असतात, मास कॉमची, आर्किटेक्चरची, काही नुसतीच बी.कॉम.ची, त्यांच्यात दिग्दर्शक व्हायला पाचजण तयार असतात. कॅमेरा ज्याच्या बापानं घेऊन दिला तो कॅमेरामन. मीटिंगला जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात आर्ट, म्हणजे कलादिग्दर्शन, पडतं. मग ते पुढच्या सगळ्या फिल्मांत त्याच्याच गळ्यात राहतं. सेटवर त्याला नाव नसतं. "आर्ट आलं का?", "आर्ट जेवलं का?", "आर्टला हाक मारा, पाट हललाय." घरी त्याला नाव आहे, पण घरी तो फारसा सापडत नाही.

दिग्दर्शक संहितेत एक ओळ लिहितो : 'रात्र. जुना वाडा. १९६९. पाऊस. खिडकीतून चांदणं.' ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. ती उभी करायला आर्टवाल्याच्या हातात चार हजार रुपये असतात आणि त्यातले तीन जेवणाचे. पावसात चांदणं कुठून येणार, हा प्रश्न संबंध युनिटमध्ये फक्त ज्यांच्या घरी शूटिंग असतं त्या आजी विचारतात. दिग्दर्शक त्यांना तारकॉव्हस्की समजावून सांगतो. आजी ऐकून घेतात आणि म्हणतात, "असेल बाबा."

वाडा अर्थातच मिळत नाही. जो मिळायचा तो पाडून तिथं सहा मजले आणि खाली पार्किंग झालेलं असतं. मग सदाशिव पेठेतला, याच आजींचा, तिसऱ्या मजल्यावरचा वनबीएचके वाडा होतो. सामान जुन्या बाजारातून. बुधवार-रविवार मंगळवार पेठेत भरणाऱ्या त्या बाजारात रेडिओ घेताना "चालू आहे का?" असं न विचारणारं गिऱ्हाईक एवढं एकच. चालू असेल तर महाग पडतो. जे जुनं मिळत नाही ते नवं घेऊन तो जुनं करतो. पत्र चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतो, ट्रंकेला पॉलिशपेपर मारतो, दाराच्या कडांना बूटपॉलिश फासतो आणि सगळ्यावर मुलतानी मातीची धूळ भुरभुरवतो. "घरातली धूळ पुस म्हटलं की तुला अभ्यास असतो," त्याची आई म्हणते, "आणि तिथं विकतची पसरतोस." बाकी प्रॉपर्टी मागून आणलेली. त्याच्याइतकी प्रॉपर्टी असलेला आणि त्यातलं स्वतःचं काही नसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तो अडाणी आहे असं मात्र समजू नका. या धंद्याचा इतिहास त्याला पाठ आहे आणि तो उसनवारीसाठी फार उपयोगी पडतो. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे सेट बांधले, त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या फत्तेलालांनी पुढं प्रभातचे सेट उभारले, १९३३ साली प्रभात पुण्यात आली आणि त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. एवढं सगळं तो दारात उभा राहून सांगतो आणि शेवटी पितळी समई मागतो. त्या इन्स्टिट्यूटचा तो विद्यार्थी नाही, पण लॉ कॉलेज रोडवरून जाताना तिच्या फाटकापाशी स्कूटर जरा हळू करतो.

'अपराजितो'चा किस्सा तर त्यानं इतक्यांदा सांगितलाय की आजींनाही आता येतो. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी बनारसचं घर कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलं आणि कॅमेरामन सुब्रत मित्रांनी पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला, त्यामुळं खरंच चौकात आभाळाचा उजेड उतरल्यासारखं दिसलं. हा किस्सा ऐकल्यापासून त्याच्या घरात पांढरी चादर टिकत नाही. एकदा आईनं जाब विचारला तेव्हा त्यानं थेट फाळक्यांना मध्ये आणलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या, आणि तू एका चादरीसाठी? आई म्हणाली, "चादर ने. स्वयंपाकाचं मनातसुद्धा आणू नकोस."

दिवे खरं तर कॅमेऱ्याचं खातं. पण कॅमेरावाला 'मूड' ठरवतो, वायरी ओढतो आर्टवाला. एलईडीचं भाडं परवडत नाही, म्हणून जुने टंगस्टन. आता हजार वॅटचा दिवा चार अँपिअरच्या वर ओढतो, दोन हजारांचा जवळपास नऊ, आणि आजींच्या हॉलमधला प्लग सहाचा. पहिल्याच टेकला अख्ख्या घरात अंधार होतो आणि दिग्दर्शक खूश होऊन विचारतो, "हे ठेवायचं का?" मग कळतं की सोळा अँपिअरचा पॉइंट घरात एकच, गिझरचा. तेव्हापासून वायर बाथरूममधून निघते, दार लागत नाही आणि दोन दिवस त्या घरात कुणी आंघोळ करत नाही. युनिटमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही.

चंद्र त्याहून अवघड. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून चांदणं आत यायचं, तर दिवा समोरच्या इमारतीत हवा. आर्टवाला निळा जिलेटिन पेपर हातात घेऊन समोरच्यांची बेल वाजवतो.

"काका, तुमच्या गॅलरीत चंद्र लावायचा होता."

"सोसायटीची परवानगी आहे?"

"एकाच रात्रीसाठी, काका."

"किती वाजता मावळणार?"

"दोनपर्यंत."

"साडेदहानंतर चालणार नाही."

तो चंद्र खरोखर साडेदहाला मावळतो. पुढचे शॉट अमावास्येचे.

याच्या खऱ्या वैभवाचा क्षण मात्र कॅलेंडरचा. आजींच्या भिंतीवर मॉड्युलर स्विचबोर्ड. १९६९ सालात तो दिसून चालणार नाही, म्हणून कुणीतरी हुशारीनं त्यावर कालनिर्णय टांगतं. सगळी तयारी झालेली, नायिकेच्या डोळ्यांत ग्लिसरिन गेलेलं, आणि आर्टवाला किंचाळतो, "कट!" कट म्हणायचा अधिकार त्याला नाही. पण कालनिर्णय निघालं १९७३ साली! दिग्दर्शक म्हणतो, कोण बघणार आहे? त्यावर आर्टवाला जसा बघतो तसं मी माणसाला फक्त देव्हाऱ्यात चप्पल घालून गेलेल्याकडं बघताना पाहिलंय. कोपऱ्यातला टीव्हीही त्यानंच आदल्या दिवशी उचलायला लावला होता, कारण मुंबई दूरदर्शनच १९७२चं.

कॅलेंडराच्या जागी मग रविवर्म्याची लक्ष्मी येते, फ्रेमसकट. ती बोर्डाच्या उंचीला, म्हणजे कमरेशी. आता आजी कट म्हणतात. देवाची तसबीर इतकी खाली? शेवटी तह होतो : शॉटपुरती लक्ष्मी खाली, शॉट संपला की वर. त्यामुळं पंखा लावायचा असला की आधी लक्ष्मी उचलावी लागते, आणि दर टेकला उदबत्ती नवी, कारण मागच्या शॉटमध्ये ती अर्धी होती. चिवड्याच्या बशीवर तो चिठ्ठी लावतो, 'प्रॉपर्टी आहे, खाऊ नये'. चिठ्ठी शेवटपर्यंत बशीत राहते. चिवडा राहत नाही.

आणि एवढं करून फिल्म कॉलेजच्या हॉलमध्ये लागते. कॅमेरावाल्याकडं असते ती विद्यार्थ्यांची लाडकी ५० एमएमची, एफ १.८ची लेन्स. तिनं चेहरे सुरेख येतात, आणि चेहऱ्यामागचं सगळं विरघळून जातं. ओल, ट्रंक, रेडिओ, लक्ष्मी, महिनाभराची वणवण नायिकेच्या कानामागं एक तपकिरी ढग होऊन बसते. हॉलमध्ये सगळे तिच्या डोळ्यांतलं पाणी बघत असतात. हा एकटा मान तिरकी करून तिच्या कानामागं बघत असतो. दोन सेकंदांचा एक वाइड शॉट येतो तेव्हा तो शेजारच्याला कोपरानं ढोसतो, पण शेजारचा नेमका मोबाइल बघत असतो. बाहेर आल्यावर परीक्षक दिग्दर्शकाचा हात हातात घेऊन म्हणतात, "लोकेशन मात्र छान मिळालं हं तुम्हाला." मिळालं! आर्टवाला हे ऐकतो. आनंद मानावा की जीव द्यावा, हे त्याला चहा संपेपर्यंत ठरवता येत नाही.

चहा संपल्यावर सामान परत करायचं काम असतं. बाकीचे पार्टीला जातात. तो समई मांडीवर घेऊन रिक्षातून येतो आणि आजींच्या दारात उभा राहतो. आजींनी वहीत यादी केलेली असते, चष्मा लावून त्या एकेक वस्तूवर टिक करतात.

"तांब्या आहे. पाट दोन, आहेत. समई आहे. खल आहे." त्या थांबतात. "बत्ता कुठाय रे?"

"आजी, बत्ता शनिवारपर्यंत एका खुनात आहे. दुसऱ्या ग्रुपच्या फिल्ममध्ये."

आजी बत्त्यापुढं टिक न करता फुली मारतात आणि वही मिटतात.

"आणशील तेव्हा घासून आण. वेलदोडा कुटते मी त्यानं."