शिकारीचे शेठ

पवना धरणाच्या काठाने जाताना ज्या बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसलेले दिसतील, त्या बंगल्यात शेठ असण्याची शक्यता दाट. नाव काहीही असो, मावळात त्यांना शेठच म्हणतात. जमिनीचे चार व्यवहार जमले, गळ्यात जाड साखळी आली आणि पांढऱ्या बुटांना चिखल लागेनासा झाला, की ही पदवी आपोआप मिळते. मग बोकडाचं मटण बेचव लागायला लागतं आणि शेठना शिकार हवी होते.

पाहुणे बसले, पहिला घोट पोटात गेला, की शेठ आवाज खाली आणतात. "आज जंगली आहे. बाहेर बोलायचं नाही." अर्धा मसाला या 'बोलायचं नाही'तच असतो. मग रानडुक्कर कसं ओळखायचं याचा पाठ होतो. मांस काळपट पाहिजे, लवकर शिजता कामा नये, दाताला झुंज दिली पाहिजे. पाहुणे मान डोलावतात, कारण दाताने खरंच हार मानलेली असते. मावळात रानडुक्कर खाल्लं म्हणून सांगणारे मला इतके भेटलेत, की सगळे खरं बोलत असते तर लोहगडापासून ढाकच्या बहिरीपर्यंत औषधालाही डुक्कर उरलं नसतं. उरलीत, हे भुईमूग लावणाऱ्याला विचारा.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा शेठना चांगला माहीत आहे. त्याशिवाय चव येत नाही. रानडुक्कर, भेकर, ससा, तितर सगळे त्यात आले. 2022 च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा 25 हजारांवरून 1 लाखावर गेली, आणि घोरपडीसाठी 7 वर्षांपर्यंतची कैद आहेच. कायद्यात ताटावर बसलेलाही सुटत नाही, पण पेपरात फोटो येतो तो वाघर लावणाऱ्याचा. शेठ तो फोटो बघून हळहळतात. "गरीब माणूस हो," म्हणतात आणि रस्सा वाढून घेतात.

घोरपड कमरेला चांगली, साळिंदर दम्याला, होला कशाला ते बायकांसमोर सांगत नाहीत. वैद्यकी एवढी पक्की, पण गुडघे दुखले की तळेगावच्या डॉक्टरांकडेच जातात.

कायद्यात बसणारंही त्यांनी सोडलेलं नाही. कडकनाथ पाळला. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेठनी तिला रानकोंबडा हे मानांकन त्याआधीच देऊन टाकलं होतं. त्यापूर्वी इमू होते. ऑस्ट्रेलियाचा हा पक्षी लाखो देणार होता. 2012 च्या सुमारास देशभर तो धंदा बसला, अंडी कोणी घेईना, तेव्हा शेठनी भांडवलाची वसुली जेवूनच केली. आता बटेर आहेत. पिंजऱ्यात असतात तोवर बटेर, ताटात आले की तितर.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात रानडुकराबरोबर कासवाच्या आणि शेतातल्या उंदरांच्याही कृती आहेत. हे मी सांगितलं तेव्हा शेठचा घास अडला. "उंदीर? राजा? कायतरी बोलता राव!" त्यांच्या कुंपणापलीकडच्या बांधावर कातकरी बिळं उकरून उंदीर काढतात आणि बिळात साठलेलं भातही नेतात. आषाढात रात्री बॅटरी घेऊन गावातली पोरं ओढ्याला खेकडे धरतात, पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडतात. रानचं खाणं म्हणजे खरं तर एवढंच, आणि तेवढंच शेठना चालत नाही. खेकडा? "कोण फोडत बसणार!" ओढ्यातले मासे? "काटे फार."

शिवाय वार पाळतात. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण. घोरपड चालते, पण शनिवारची नाही. पाहुणे नेमके शनिवारी येतात. त्यांना मग टायगर पॉइंटला नेतात. तिथे वाघ नाही, मॅगी आणि कांदाभजी आहे. शेठ दरीकडे बोट करून पूर्वी इथे काय काय मारायचे ते सांगतात, आणि भज्यांची दुसरी प्लेट मागवतात.

गेल्या गटारीला मात्र पंचाईत झाली. पातेलं उतरलं, 'बोलायचं नाही' झालं, आणि फाटकात फॉरेस्टच्या गार्डसाहेबांची मोटारसायकल थांबली. वास आला म्हणाले, सहज.

"बॉयलर, साहेब, बॉयलर!" शेठ उभेच राहिले.

साहेबांनी झाकण उचललं. "बॉयलरला एवढी चरबी?"

शेठच्या कपाळावर घाम. पाहुण्यांचे हात ताटातच थिजले. तेवढ्यात राखणीचे मामा आतून आले. वारकरी माणूस, कधी खोटं बोलत नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "घाबरायचं कारन न्हाय, सायेब. पाळीव डुकराचं हाय. शेठ दर टायमाला पुण्याच्या कॅम्पातनंच आणतात. ह्ये बिल."

साहेबांनी बिल वाचलं. मग ते एकेका पाहुण्याच्या हातात फिरलं. परत शेठकडे आलं तेव्हा त्याला रस्सा लागला होता.