सातत्याचा बाजारभाव

मोबाइलवर काल्पनिक संघ रचून गुण मोजणाऱ्या नागपूरकरांना मोठा धडा गावातच मिळाला आहे : सातत्य हा फलंदाजाचा गंभीर दोष होय.

फैज फजलचेच पाहा. २०१७-१८च्या रणजी हंगामात ९१२ धावा, त्याच्याच नेतृत्वाखाली विदर्भाचे पहिले विजेतेपद, पुढच्या हंगामात लगेच दुसरे. म्हणजे रोजचा वरणभात. वरणभातावर लिलावात बोली कोण लावणार?

निवड समितीची दूरदृष्टी मात्र वाखाणण्याजोगी. १५ जून २०१६ रोजी हरारेत, वयाच्या तिशीत, तिने त्याला एकदिवसीय पदार्पण दिले. त्याने नाबाद ५५ केल्या. भारत १० गडी राखून जिंकला. मग त्याला पुन्हा कधीच न बोलावून समितीने एक विक्रम जपला.

भारतासाठी खेळताना फैज आजवर एकदाही बाद झालेला नाही.