घरी इंग्लिशच बोला

मालेगावात पोराला भाषा शिकवाव्या लागत नाहीत, आवराव्या लागतात. मोसम नदीच्या एका काठाला मराठी, दुसऱ्या काठाला उर्दू. आणि बाजाराला आसपासच्या कसमादे पट्ट्यातल्या खेड्यांतून कांद्याच्या गोण्यांबरोबर अहिराणी उतरते. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमागासोबत आपली बोलीही आणली. पुढे मागाला वीज लागली आणि खडखडाटात ऐकू जावं म्हणून गावाचा आवाज चढला. शुक्रवारी माग बंद असतात, आवाज काही उतरत नाही.

आमचे चिरंजीव केळ्यांच्या गाडीपाशी उभे राहिले की बघावं. आजीला अहिराणीत लाडीगोडी, गाडीवाल्याला ‘चाचा, कम करो ना’, आणि पैसे मागायचे तेवढे माझ्याकडे, शुद्ध मराठीत. चाचाही पक्के. माझ्याकडे न बघता आजीलाच म्हणतात, ‘ली जाय वं माय!’ सौदा झालाच म्हणून समजा.

शेजारच्या काकूंना मात्र पोराची जीभ बिघडण्याची काळजी. त्यांच्या मते अहिराणी म्हणजे न धुतलेली मराठी. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनसाहेबांनी 1907 मध्ये, अहिराणी जिच्यात मोडते त्या खान्देशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं; 2011 च्या जनगणनेत ती मराठीपासून वेगळी मोजली, तर बोलणारे 18 लाखांच्या वर निघाले. काकूंनी दोन्ही निकाल फेटाळले.

अशात शाळेतल्या मॅडमनी फर्मान काढलं, ‘घरी इंग्लिशच बोला.’ त्या संध्याकाळी घरात अशी शांतता पसरली की शेजारी विचारायला आले, कोणी आजारी आहे का. बायको आणि मी खुणांवर आलो. आजीला मात्र ‘नो’ लगेच जमलं. मुळात तो स्वभावातच होता. जेवायला वाढेपर्यंत भूक जिंकली आणि सगळे आपापल्या भाषेत भांडू लागले.

मग प्रगतिपुस्तक आलं. शेरा इंग्रजीत होता : मुलगा वर्गात बोलत नाही, भाषेकडे लक्ष द्यावं. मी चष्मा शोधेपर्यंत आजीनं नातवालाच विचारलं, काय लिहिलंय. पठ्ठ्यानं ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं, ‘बाई म्हने, पोऱ्या हुशार शे.’

आजीनं कनवटीची दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. इंग्रजी माध्यमानं आमच्या घराला मिळवून दिलेली ही पहिली कमाई.